टेंडर मर्सीज (१९८३) : दारू सुटल्यानंतरच्या दिवसांचा चित्रपट

माळरान

दारूत बुडालेल्या माणसावरचे चित्रपट बहुधा त्याच्या घसरणीवर उभे असतात, कारण घसरण पडद्यावर उठून दिसते. फुटलेल्या बाटल्या, मारहाण, रुग्णालयातली खाट, मग एखाद्या रात्री झालेली उपरती आणि तिथेच शेवट. 'टेंडर मर्सीज' हा चित्रपट घसरण पहिल्या काही मिनिटांत आटोपतो आणि उरलेला सगळा वेळ त्यानंतरच्या आयुष्याला देतो. त्याच्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. कथानक शेवटपर्यंत सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचे आहे ते म्हणता येणार नाही. ज्यांना चित्रपट आधी पाहायचा आहे त्यांनी पुढचे वाचन तूर्त थांबवावे.

मॅक स्लेज (रॉबर्ट ड्युव्हाल) हा 'कंट्री' या अमेरिकी ग्रामीण संगीतशैलीतला एके काळचा नावाजलेला गायक आणि गीतकार. टेक्ससच्या सपाट माळावर, हमरस्त्याकडेच्या एका लहानशा मोटेलमध्ये रात्री त्याची आपल्या सोबत्याशी बाटलीवरून झटापट होते. सकाळी तो सोबती निघून गेलेला असतो, मॅकच्या खिशात पैसे नसतात आणि खोलीचे भाडे काम करून फेडण्याची तयारी तो मालकिणीपुढे दाखवतो. रोझा ली (टेस हार्पर) ही तरुण विधवा आहे. तिचा नवरा व्हिएतनामच्या युद्धात गेला, पदरात सनी नावाचा मुलगा आहे आणि हे मोटेल व त्याला लागून असलेला पेट्रोलपंप एवढेच तिचे उपजीविकेचे साधन आहे. कामावर असताना प्यायचे नाही, एवढी एकच अट घालून ती मॅकला ठेवून घेते.

यानंतर काय घडते, यापेक्षा काय दाखवलेले नाही ते अधिक बोलके आहे. मॅकची दारू कोणत्या दिवशी सुटली हे आपल्याला दाखवले जात नाही. तो कचरा उचलतो, गाड्यांमध्ये पेट्रोल भरतो, मोडलेले दुरुस्त करतो, तिघांच्या जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून बसतो. मग एके दिवशी भाजीच्या वाफ्यात काम करता करता, माझ्या मनात काय आहे हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलेच असेल, अशा अर्थाचे काहीसे बोलून तो रोझा लीला लग्नाचे विचारतो. ती विचार करते म्हणते. लग्न आपल्याला दिसत नाही. पुढच्या कुठल्यातरी प्रसंगात बोलण्याच्या ओघात ते झालेले असल्याचे कळते. पुढे मॅकची पहिल्या लग्नाची मुलगी स्यू ॲन (एलन बार्किन) अपघातात मरते, तो अपघातही पडद्यावर येत नाही.

पटकथाकार हॉर्टन फूट यांची ही पद्धतच होती. टेक्ससमधल्या व्हार्टन या गावात १९१६ मध्ये जन्मलेल्या या नाटककाराने आयुष्यभर आपल्याच मुलखातल्या साध्या माणसांवर लिहिले. मोठ्या घटना त्यांच्या लेखनात दोन प्रवेशांच्या मधल्या जागेत घडतात आणि प्रवेश सुरू होतो तेव्हा माणसे त्या घटनेनंतरचा दिवस ढकलत असतात. एरवी हा नाट्यतंत्राचा भाग म्हणून सोडून देता आला असता. परंतु उद्ध्वस्त झालेल्या माणसाने पुन्हा उभे राहण्याच्या कथेत हे तंत्रच आशय होऊन बसते, कारण उभे राहण्याला तसा मुहूर्ताचा क्षण नसतोच. बाहेरच्यांना एक दिवस अचानक जाणवते की हा माणूस बरेच दिवस नीट वागतो आहे. चित्रपट आपल्याला त्या बाहेरच्यांच्या जागी बसवतो.

दिग्दर्शक ब्रूस बेरेसफर्ड ऑस्ट्रेलियन आणि हा त्यांचा पहिला अमेरिकी चित्रपट. छायाचित्रकार रसेल बॉइडही त्यांच्याच देशाचे. फूट यांची संहिता त्याआधी अनेक अमेरिकी दिग्दर्शकांनी नाकारली होती, आणि ती वाचल्यावर का नाकारली हे समजते, कारण तिच्यात पकडण्यासारखा एकही 'मोठा' प्रसंग नाही. ड्युव्हाल यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे आणि फूट यांना मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. चित्रपट, दिग्दर्शन आणि गाणे यांसाठीही नामांकने होती.

मला इतरांकडून जाणून घ्यायचे आहे ते असे: मॅकचे सावरणे तुम्हाला खरे वाटते का?

शेवंती

लेख आवडला, परंतु आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'अर्धवट' असे आहे. मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, त्यामुळे पहिल्या पंधरा मिनिटांत मला सतत अडखळायला झाले. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली तर काही तासांतच हातपाय कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाला देखरेखीखाली ठेवून औषधे द्यावी लागतात. मॅक मात्र उठतो, तोंड धुतो आणि झाडू हातात घेतो. न दाखवण्याच्या तंत्राचे आपण कौतुक केले आहे, पण हे जे गाळले आहे ते केवळ नाट्यमय नव्हे, तर या आजाराचा गाभा आहे. प्रेमळ बाई भेटली, अंगमेहनतीचे काम मिळाले आणि दारू सुटली, असा समज घेऊन कुणी चित्रपटगृहाबाहेर पडला तर त्याचे घर त्या समजाची किंमत मोजेल.

ड्युव्हाल यांच्या अभिनयाविषयी दुमत नाही. त्यांच्या चालण्यात सुरुवातीला जो जडपणा आहे, तो पुढे कसा कमी होत जातो ते पाहण्यासारखे आहे.

गोदाकाठ

शेवंतीताई, आपला वैद्यकीय मुद्दा पूर्ण मान्य आहे आणि तो इथे नोंदवला गेला हे बरे झाले. मी या विषयाकडे दुसऱ्या बाजूने आलो आहे. माझे वडील पीत असत. पुढे ते अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांना जाऊ लागले आणि शेवटपर्यंत दारूपासून दूर राहिले. आई आणि मी कुटुंबीयांच्या सभांना जात असू. त्या अनुभवातून सांगतो की, या चित्रपटात एक प्रसंग असा आहे ज्याच्याइतके खरे मी या विषयावर दुसरे काही पाहिलेले नाही.

मॅक आपल्या पूर्वाश्रमीच्या पत्नीला, म्हणजे गायिका डिक्सीला, भेटून आणि तिच्याकडून अपमान पत्करून येतो. त्याने लिहिलेले नवे गाणेही तिकडून नाकारले जाते. तो चिडून ट्रक घेऊन निघून जातो. रात्र होते. रोझा ली घरी आहे. ती कुणाला फोन करीत नाही, मुलासमोर रडत नाही, अंथरुणावर पडून प्रार्थना म्हणते. मॅक उशिरा परततो आणि सांगतो की मी बाटली विकत घेतली होती, पण सगळी ओतून टाकली, एक थेंबही घेतला नाही. ती त्याला जाब विचारत नाही, पण सुटकेचे हसूही आणत नाही.

ज्या घरात असा माणूस असतो त्या घरातल्या लोकांना त्या रात्रीतला प्रत्येक आवाज ओळखीचा असतो. गाडी फाटकाशी थांबली की कान तिकडे जातात आणि पायऱ्यांवरच्या पावलांवरून अंदाज बांधला जातो. सभांमध्ये आम्हाला वारंवार सांगत की दारू सुटणे ही एकदा घडून गेलेली गोष्ट नाही, ती आजच्या दिवसापुरती पाळायची गोष्ट आहे. हे वाक्य चित्रपटात कुणी उच्चारत नाही, पण लग्न झाले, संसार मार्गी लागला, असे वाटत असताना बाटली विकत घेतली जाणे हे त्याचेच रूप आहे. म्हणून मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की सुरुवात खरी नाही, मधला भाग मात्र फार खरा आहे.

उंबरठा

मला रोझा लीविषयी बोलायचे आहे, कारण चर्चा मॅकभोवतीच फिरते आहे. टेस हार्पर यांचा हा पहिला चित्रपट आणि त्यांचे काम संयत आहे यात शंका नाही. परंतु पात्र म्हणून तिच्या वाट्याला काय येते? ती आसरा देते, वाट पाहते, चर्चच्या गायनवृंदात गाते आणि समजून घेते. बुडणाऱ्या पुरुषाला सावरण्यासाठी सहनशील स्त्री हजर असणे ही जगभरच्या कथांमधली जुनी सोय आहे आणि हा चित्रपट तिच्यापासून पूर्ण सुटलेला नाही.

उलट डिक्सीकडे पाहा. बेटी बकली यांनी रंगवलेली ही बाई वरवर खलनायिका वाटते: प्रसिद्ध, तापट, बाप-लेकीची भेट होऊ न देणारी. मात्र मॅकच्या पिण्याची सगळ्यात वाईट वर्षे तिने सोसली आहेत. तो सावरला तेव्हा त्याचा चांगुलपणा दुसऱ्याच बाईच्या घरी नांदायला गेला. तिने लेकीला त्याच्यापासून दूर ठेवले यात मला क्रूरपणापेक्षा धास्ती अधिक दिसते. आणि तरीही ती रोज रंगमंचावर उभी राहून त्याचीच गाणी गाते, त्यावरच तिचे नाव झाले आहे! या गुंत्यावर आणखी एक चित्रपट होऊ शकला असता. लेक गेल्यावर ती अंथरुणावर आक्रोश करते आणि मॅक तिथे निमूट उभा राहतो, तेव्हा दोघांच्या दुःखाची जातच वेगळी आहे हे दिसते. तिच्या दुःखाला आडोसा नाही.

माळरान

उंबरठा, डिक्सीविषयी आपण जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. रोझा लीच्या बाबतीत मात्र मला थोडे वेगळे वाटते. सनी तिला आपल्या वडिलांविषयी विचारतो तो प्रसंग आठवून पाहावा. नवरा नेमका कसा आणि कुठल्या चकमकीत गेला हे तिला कधीच निश्चित कळलेले नाही, आणि ती मुलाला तेच सांगते. एखादी शौर्यकथा रचून त्याचे समाधान करीत नाही. लग्न झाले तेव्हा दोघेही कोवळ्या वयाचे होते हेही ती सांगते. मॅकला आसरा देण्याच्या कितीतरी आधी तिने स्वतःचे आयुष्य एकदा मोडलेले पाहिले आहे आणि ते कुणाचा गाजावाजा न होता पुन्हा उभे केले आहे. मोटेल चालू आहे, मूल शाळेत जाते आहे, रविवारी ती गायनवृंदात उभी असते. चित्रपट तिच्या या उभे राहण्याला कथा मानत नाही, ही आपली तक्रार असेल तर ती योग्य आहे. पण मॅक तिच्याकडून काय शिकतो याचे उत्तर तिथेच आहे. ती त्याला उपदेश करीत नाही, कारण ज्ञान देण्याजोगे तिच्याकडे काही नाही. तिच्याकडे फक्त दिवसाचा क्रम आहे आणि तो त्या क्रमात सामील होतो.

शेवंतीताई, सुरुवातीच्या आक्षेपाबाबत एवढेच म्हणेन की त्या काही दिवसांत काय झाले असेल हे चित्रपटाने नाकारलेले नाही, फक्त आपल्याला तिथे नेलेले नाही. तरीही प्रत्यक्ष रुग्णाच्या दृष्टीने आपला इशारा महत्त्वाचा आहे आणि हा धागा वाचणाऱ्याने तो आधी वाचावा.

स्वरलिपी

गाण्यांचा विषय निघाला नाही म्हणून लिहिते. गाताना दुसऱ्या कुणाचा आवाज वापरायचा नाही, ही ड्युव्हाल यांची करारातलीच अट होती. भूमिकेच्या तयारीसाठी ते टेक्ससमध्ये गावोगाव फिरले, लोकांच्या बोलण्याचा लहेजा ध्वनिमुद्रित करून घेतला आणि स्थानिक वाद्यवृंदाबरोबर गायले. चित्रपटातली दोन गाणी त्यांनी स्वतः लिहिली आहेत. त्यांचा गळा काही असामान्य नाही, आणि हेच इथे योग्य ठरते. मॅक पडद्यावर गातो तेव्हा त्याची उमेद सरून गेलेली आहे. त्या आवाजात चमक असती तर ऐकणाऱ्याला वाटले असते की हा माणूस उद्या पुन्हा प्रसिद्ध होणार. वार्ताहर त्याला शोधत येतो, वर्तमानपत्रात छापून येते, गावातल्या तरुणांचा वाद्यवृंद भक्तिभावाने दारात उभा राहतो, तरीही चित्रपट पुनरागमनाच्या वाटेने जात नाही. एक अनोळखी बाई त्याला रस्त्यात विचारते की तुम्ही खरेच मॅक स्लेज होता का, आणि तो शांतपणे म्हणतो की हो, बहुतेक होतो. यशस्वी पुनरागमन हे सावरण्याचे लक्षण मानण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती या चित्रपटाने मोडली. तो त्या मुलांना गाणे देतो, त्यांच्याबरोबर नाचाच्या सभागृहात गातो, पण घरी येऊन झोपतो.

सर्वांत मोलाचा क्षण मला वाटतो तो स्यू ॲनच्या भेटीचा. बऱ्याच वर्षांनी आलेली मुलगी विचारते की मी लहान असताना तुम्ही मला कबुतराचे एक गाणे म्हणून दाखवायचात, ते कोणते? तो आठवत नाही म्हणतो. ती निघून गेल्यावर खिडकीशी उभा राहून तेच गाणे तो अखेरपर्यंत म्हणतो. ते बॉब फर्ग्युसन यांचे 'विंग्ज ऑफ अ डव्ह', जे १९६० मध्ये फर्लिन हस्की यांच्या आवाजात अमेरिकेत घराघरांत पोहोचले होते. त्याने मुलीसमोर नाही का म्हटले? चित्रपट सांगत नाही. मला वाटते, बाप म्हणून त्याने गमावलेल्या वर्षांची ती एकमेव चांगली आठवण होती आणि ती उघड करण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही असे त्याला वाटले असावे. त्यानंतर ती दोघे पुन्हा भेटत नाहीत, हे माहीत असताना तो प्रसंग दुसऱ्यांदा पाहणे कठीण जाते.

पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, हेही नोंदवावे. वारा, रस्त्यावरून जाणारे ट्रक आणि जाळीचा दरवाजा आपटल्याचा आवाज, एवढ्यावर दिग्दर्शकाने भागवले आहे.

दक्षिणवारा

मी डॅलसमध्ये राहतो. चित्रीकरण झाले ते वॉक्सहॅची आणि पामर या गावांच्या परिसरात. वॉक्सहॅची डॅलसच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर आहे. तो मुलूख कापसाचा, सपाट, आभाळाखाली लपायला जागा नसलेला. बेरेसफर्ड आणि बॉइड यांनी माणसांना चौकटीत लहान ठेवून भोवती भरपूर मोकळी जमीन सोडली आहे, ते कलात्मक दिसावे म्हणून केलेले नाही, तिथे नजरेला तसेच दिसते.

बाप्तिस्म्याच्या प्रसंगाविषयी थोडे सांगतो, कारण आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्यातले एक अंग सहज कळणार नाही. बाप्टिस्ट चर्चमध्ये तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात स्वतः श्रद्धा व्यक्त केल्यावर पूर्ण पाण्यात बुडवून तो दिला जातो. म्हणूनच शाळकरी सनी आणि प्रौढ मॅक यांना तो एकाच दिवशी मिळू शकतो, आणि त्या दिवशी दोघे एका अर्थाने बरोबरीचे होतात. घरी परतताना सनी म्हणतो की सगळे सांगत होते, वेगळे वाटेल. मला थोडेसे वाटते आहे, तुम्हाला? मॅक म्हणतो, अजून नाही. मुलगा आरशात पाहून विचारतो, मी वेगळा दिसतो का? पुन्हा तेच उत्तर. चर्चवर श्रद्धा असलेल्या लेखकाने हे लिहिले आहे, हे विशेष. त्याने धर्माची थट्टा केलेली नाही, पण पाण्यातून बाहेर आलेला माणूस लगेच नवा होतो असा दावाही केलेला नाही.

शेवंती

दक्षिणवारा यांनी सांगितलेले ते 'अजून नाही' वाचून चित्रपट पुन्हा पाहिला. माझा पहिला आक्षेप कायम आहे, पण मुलीच्या मृत्यूनंतरचा वाफ्यातला प्रसंग या खेपेस वेगळा दिसला, म्हणून पुन्हा लिहीत आहे.

ज्या वाफ्यात त्याने लग्नाचे विचारले, तिथेच तो खुरप्याने माती उकरत आहे आणि रोझा ली जवळ उभी आहे. तो बोलू लागतो. एकदा पिऊन गाडी चालवताना अपघात झाला, मेला समजून लोकांनी मला बाहेर काढले, मी जगलो. स्यू ॲन का गेली? भटकत इथे आलो, तू मला दया दाखवलीस, सावरायला मदत केलीस, माझ्याशी लग्न केलेस. हे का घडले? सनीचा बाप युद्धात का गेला? रात्रभर प्रार्थना करून उत्तर मिळाले नाही. सुखावर माझा विश्वास नाही, कधी नव्हता, पुढेही बसणार नाही. बोलताना हात थांबत नाहीत आणि कॅमेराही त्याच्या चेहऱ्याशी जाऊन अश्रू शोधत नाही.

एक डॉक्टर म्हणून मला यातले सर्वांत धाडसाचे वाटले ते असे की त्याला वाईटाचे जितके कोडे पडले आहे तितकेच चांगल्याचेही पडले आहे. स्वतःचे वाचणे ही त्याला आपली कमाई वाटत नाही. आमच्याकडे येणारे काही रुग्ण बरे झाल्यावर मनात हिशेब मांडतात की मी इतके सोडले, आता माझ्या वाट्याला वाईट येणार नाही. पहिला मोठा आघात झाला की तो हिशेब कोसळतो आणि बरेच जण तिथेच पुन्हा पिऊ लागतात. मॅकने असा करार कुणाशी केलेलाच नाही, म्हणून मुलगी गेल्यावरही मोडण्यासारखा करार त्याच्यापाशी नाही. गोदाकाठ, आपण ज्या आजच्या दिवसापुरत्या पाळण्याविषयी लिहिलेत, ते इथे मला नीट उमगले.

गोदाकाठ

शेवंतीताई, हिशेबाची गोष्ट आपण अचूक पकडली. वडिलांच्या सभांमध्ये ज्यांची दारू पुन्हा सुरू झाली त्यांच्या बोलण्यात ती तक्रार मी ऐकलेली आहे: मी माझ्या बाजूने सगळे पाळले होते. आमच्या घरात धाकट्या काकांचा अकाली मृत्यू झाला तेव्हा आईला सर्वांत जास्त भीती त्याच आठवड्याची होती. वडील त्या आठवड्यात रोज सभेला गेले, तेथे काही बोलत नसत, फक्त बसून येत. घरी आल्यावर गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालत. हा चित्रपट त्यांना दाखवायचा राहून गेला. आई आहे, तिला मराठी उपशीर्षके लागतील. कुणाकडे तशी प्रत असल्यास किंवा कुणी ती तयार करणार असल्यास कृपया इथेच कळवावे, गाण्यांच्या ओळींच्या कामात मी मदत करू शकेन.